घसा धरला की काय करावे? भोर-वेल्ह्यातील घरगुती आणि रानातल्या उपायांचा आढावा

भोर आणि वेल्हे (हा तालुका कागदोपत्री आता राजगड) या पट्ट्यात जून ते सप्टेंबर अंग कोरडे राहणे अवघड. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी यांच्या खोऱ्यांत भाताची लावणी दिवसभर चिखलात वाकून होते. इरली जवळजवळ गेली आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचे कागद आले, पण पाठ भिजायची ती भिजतेच. घरी आल्यावर चुलीचा धूर आणि ओल आलेल्या भिंती. आषाढ-श्रावणात घरटी एखाद्याचा तरी घसा धरतो, आणि त्यावर काय करायचे हे कोणालाही विचारावे लागत नाही. हे उपाय कुठून आले, त्यांच्याबद्दल वैद्य, डॉक्टर आणि संशोधक काय म्हणतात आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे अजून मिळालेली नाहीत, हे येथे एकत्र मांडले आहे.

आधी एक फरक करून घ्यावा लागतो. ‘घसा’ या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी येतात. आवंढा गिळताना दुखते ते घशाच्या मागच्या भिंतीचे किंवा टॉन्सिलचे. सप्ताहात रात्रभर भजन म्हणून, किंवा बैलांवर ओरडून आवाज बसतो तो स्वरयंत्राचा. तिसरा खोकला, त्याचे मूळ आणखी खाली छातीतही असू शकते. गुळण्यांचे पाणी पहिल्या ठिकाणी पोचते, पण स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. पोचले तर ठसका लागेल. तरीही तिन्ही दुखण्यांना एकच गुळणी आणि एकच काढा दिला जातो. ‘आमच्याकडे गुण येतो’ आणि ‘यात काही तथ्य नाही’ यांतला निम्मा वाद इथूनच निघतो.

दुकानातले आणि रानातले

औषधे दोन ठिकाणांहून येतात. पहिले ठिकाण किराणा दुकान: हळद, मीठ, सुंठ, लवंग, मिरी, खडीसाखर, तुरटी आणि जेष्ठमधाच्या काड्या. यातले बरेचसे या मातीतले नाही. जेष्ठमध इराण-अफगाणिस्तानकडून येतो, लवंग-मिरी दक्षिणेकडून. म्हणजे ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्यात व्यापाऱ्याचा वाटा मोठा आहे. दुसरे ठिकाण रान आणि परसदार: बेहडा, हिरडा, अडुळसा, तुळस, गवती चहा, रिंगणी, उपळसरी, आणि मिळाला तर मध.

बेहड्याची कृती जवळून पाहण्यासारखी आहे. वाळलेल्या फळाला तूप चोळतात, वर कणकेचा गोळा लिंपतात आणि ते निखाऱ्यात खुपसतात. कणीक काळी पडून तडकली की बाहेर काढून फोडतात, आतली बी टाकून देतात आणि वरच्या सालीचा तुकडा गालात धरतात. चावायचा नाही, नुसता चघळायचा. पहिल्यांदा तोंड आवळून येते, मग लाळ सुटते आणि घशाची कोरड मोडते. बी पोटात गेली तर गुंगी येते असे जुने लोक बजावून सांगतात. ही निव्वळ गावठी रीतही नाही. तूप लावलेला बेहडा शेणाच्या लेपात भाजून तोंडात धरण्याचा योग खोकल्यासाठी संस्कृत वैद्यकग्रंथांत आहे. शेणाच्या जागी कणीक आली, एवढाच बदल.

अडुळशाचेही तसेच. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावतात आणि गरज पडली की पाने तिथूनच तोडतात. हिरव्या पानांचा रस सहज निघत नाही. म्हणून पाने वाफवून किंवा गरम राखेत गुंडाळून पिळतात आणि रस मधात कालवून देतात. चव इतकी कडू की मुलाला दोघांनी धरावे लागते.

लेपांचा आणि हाताच्या उपचारांचा भाग वेगळा. गळ्याच्या गाठींवर बाहेरून चुना आणि मध किंवा हळद लावतात. ‘पडजीभ पडली’ म्हणून अंगठ्याने ती उचलण्याची रीतही होती आणि क्वचित अजून दिसते. या रीतीच्या बाजूने बोलणारा वैद्य किंवा डॉक्टर मला आढळलेला नाही. सुजलेल्या घशात न धुतलेले बोट घालणे कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

मागची परंपरा

ग्रंथातली परंपरा आणि वाडीवरची परंपरा एकमेकींपासून फार लांब नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात घशाला हितकर अशा दहा द्रव्यांचा गट दिला आहे: सारिवा, उसाचे मूळ, जेष्ठमध, पिंपळी, द्राक्ष, विदारी, कैडर्य, हंसपादी, बृहती आणि कंटकारी. यातली सारिवा म्हणजे आपली उपळसरी, कंटकारी म्हणजे रिंगणी, बृहती म्हणजे डोरली. तिन्ही या भागात बांधावर, माळावर सापडतात. कैडर्य आणि हंसपादी म्हणजे नेमक्या कोणत्या वनस्पती, यावर वैद्यांत आजही एकमत नाही. सुश्रुताने मुखरोग ६५ मोजले आणि त्यांतले १७ घशाचे ठरवले. त्यांतल्या ‘रोहिणी’चे वर्णन आपण ज्याला घटसर्प म्हणतो त्याच्याशी पुष्कळ जुळते असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे जुन्या वैद्यांनाही सगळी घसादुखी सारखी नाही आणि काही प्रकार जीवघेणे असतात, हे पक्के ठाऊक होते. आजच्या घरगुती वापरात हा भेद पुसट झाला आहे.

खदिरादी वटी ही घशासाठीची जुनी गोळी. तिचा मुख्य घटक खैर. खैराचा कात काढणे हा कातकरी समाजाचा पिढीजात धंदा होता, आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात कातकऱ्यांच्या वाड्या आजही आहेत. औषध वैद्याच्या नावाने ओळखले गेले आणि भट्टीवरचे कसब कातकऱ्याचे. श्रेयाचा हा हिशेब कोणत्या ग्रंथात लिहिलेला नाही.

मराठी घरांत हे ज्ञान छापील रूपात नेण्याचे मोठे काम शंकर दाजीशास्त्री पदे यांनी केले. त्यांचे ‘आर्यभिषक’ कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. १९०७ मध्ये अखिल भारतीय पातळीवर वैद्यांचे संमेलन भरवण्यातही त्यांचाच पुढाकार होता. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकर आणि ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेलीसारख्या वनस्पती आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिल्या. परंपरा नाकारायची नाही आणि डोळे मिटून स्वीकारायचीही नाही, अशी ही तिसरी वाट होती. दुर्दैवाने तिच्यावरून चालणारे थोडे निघाले.

मग २०२० मध्ये करोना आला. आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन भाग, काळी मिरी एक भाग असा काढा जाहीर केला. सोबत दीडशे मिलीलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद. घरातल्या सवयीवर सरकारी शिक्का बसला. त्यानंतर काढ्याचे प्रमाण वाढले, दिवसातून चार-चार वेळा पिणारे निघाले, आणि तोंड येणे व पोटात आग होणे या नव्या तक्रारी घेऊन लोक दवाखान्यात येऊ लागले.

कोण काय म्हणते

गावातल्या जाणत्यांची बाजू सरळ आहे. औषध दारात आहे, फुकट आहे आणि गुण येतो. वाडी धरणाच्या पाण्यामागे असेल तर दवाखाना गाठायला अर्धा दिवस आणि एक रोज जातो. भाटघर आणि नीरा देवघरच्या फुगवट्याकडेच्या वस्त्यांना हे वेगळे सांगायला नको. खवखवीसाठी कोण जाणार? या युक्तिवादाला शास्त्रीय उत्तर देता येत नाही, कारण तो शास्त्राचा नसून रस्त्याचा आणि मजुरीचा आहे.

आयुर्वेदाच्या वैद्यांची तक्रार वेगळीच. त्यांचे म्हणणे, लोक करतात तो आयुर्वेद नव्हे. कफाने धरलेल्या घशाला सुंठ-मिरी चालेल, पण पित्ताने लाल झालेल्या, आग होणाऱ्या घशाचा त्रास तीच सुंठ वाढवील. तिथे जेष्ठमध, मनुका आणि तूप हवे. सगळ्यांना एकच काढा पाजणे हे आयुर्वेदाच्या मूळ विचाराविरुद्ध जाते. शिवाय ताजे-शिळे, खरे-खोटे आणि मात्रा यांकडे कोणी पाहत नाही.

डॉक्टरांमध्येही दोन तट दिसतात. बहुतेकांचा साध्या घरगुती उपायांना विरोध नाही. मिठाच्या गुळण्या, कोमट पाणी आणि मध ते स्वतःच सांगतात. त्यांचा आक्षेप उशिरावर आहे. दुसऱ्या तटाला मात्र उपाय ‘चालतो’ असे म्हणणेच मान्य नाही, कारण घसादुखी बहुधा आपोआप बरी होते. आठवडाभरात जे काही तोंडात धरले असेल त्याला श्रेय मिळते. हा मुद्दा कडू आहे, पण खरा आहे. औषध न घेतलेल्यांपैकीही सुमारे ८० टक्के लोक आठवड्यात बरे होतात, असे चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसते. गंमत म्हणजे हाच मुद्दा प्रतिजैविकांनाही लागू होतो. त्यांनी दुखणे सरासरी १६ तासांनीच लवकर थांबते. भारताच्या खासगी औषधबाजारात २०१९ मध्ये सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक अझिथ्रोमायसिन ५०० होते, आणि घसादुखीला ते सर्रास लिहिले जाते. बेहडा चघळणाऱ्याला अडाणी म्हणताना हा १६ तासांचा आकडा समोर असावा.

पथ्याचा वाद अजून मिटलेला नाही. दही, केळे, चिंच आणि गार पाणी बंद, हा घराघरातला दंडक. इकडे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर मुलाला आइस्क्रीम देतात. गार पदार्थाने संसर्ग होत नाही, हे निश्चित. गारव्याने दुखऱ्या घशाला काहींना आराम वाटतो आणि काहींना नाही, यापुढे ठामपणे बोलण्यासारखे काही नाही.

पुरावा किती, कशाचा

सर्वात भक्कम बाजू मधाची, पण ती खोकल्यापुरती. मुलांच्या खोकल्यावर झालेल्या चाचण्यांचे २०१८ चे कॉक्रेन परीक्षण सांगते की काहीच न देण्यापेक्षा मध बहुधा बरा, आणि बाजारातल्या एका नेहमीच्या खोकल्याच्या औषधाच्या तोडीचा. घसादुखीवर वेगळा पुरावा तुटपुंजा आहे. एक अट मात्र कडक आहे. वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही लावू नये, त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. आपल्याकडे मधाचे बोट आणि वेखंड उगाळलेली गुटी बाळालाच चाटवतात, म्हणून हे पुन्हा सांगावे लागते. वेखंडाचीही गोष्ट साधी नाही. त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. चांगला मध कुठे मिळेल हा प्रश्न या भागाला पडू नये. शेजारच्या महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

जेष्ठमधाचा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. भूल देताना घशात नळी घालतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर घसा दुखतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत ४० रुग्णांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. भूल देण्याआधी पाच मिनिटे जेष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केलेल्यांचा घसा कमी दुखला. पुढे ऑस्ट्रियात २३६ रुग्णांवर साखरेच्या पाण्याशी तुलना केली तेव्हाही घसादुखीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मात्र नळीने खरवडलेला घसा आणि विषाणूने सुजलेला घसा एक नव्हे. रोज काड्या चघळण्याची सवय असेल तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, हे मात्र सिद्ध आहे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी जेष्ठमध जपून वापरावा. कीर्तनकारांनी आणि गायकांनी तर विशेष.

मिठाच्या गुळण्यांबद्दल जवळपास सगळ्यांचे एकमत आहे, पुरावा मात्र कमी. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१८ मध्ये घसादुखीवरची मार्गदर्शिका काढली, तेव्हा गुळण्यांसारख्या उपायांवर धड पुरावा आढळला नसल्याचे नमूद केले. जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांनी २००५ मध्ये ३८७ निरोगी माणसांवर चाचणी घेतली. नुसत्या पाण्याने नियमित गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसे कमी झाले, आणि आयोडीनयुक्त द्रावण त्याहून सरस ठरले नाही. हा प्रतिबंध झाला, उपचार नव्हे. पण पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून बिघडण्यासारखेही काही नाही.

हळदीची कीर्ती मोठी, घशावरचा पुरावा तुटपुंजा. तिच्यातले कुर्क्युमिन शरीरात फारसे शोषलेच जात नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या १९९८ मधील अभ्यासात मिरीतल्या पायपेरिनसोबत ते वीस पटींनी अधिक शोषले गेले. दुधात हळदीबरोबर मिरी टाकणाऱ्या आजीचे यात समर्थन आहे असे कोणी म्हणेल, पण अभ्यासात दोन ग्रॅम शुद्ध कुर्क्युमिन दिले होते. तेवढे दुधाच्या पेल्यात येत नाही. चमकदार पिवळ्या रंगासाठी हळदीत शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे बांगलादेशात आणि नंतर भारतातल्या काही शहरांतही आढळले आहे. घरी हळकुंड दळून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय.

अडुळशाला आधुनिक वंशज आहे. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. त्याचेच रूप असलेले अँब्रॉक्सॉल घसा बधिर करणाऱ्या गोळ्यांत वापरतात. कुंपणावरच्या पानाला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणार नाही. मात्र तेच व्हॅसिसिन गर्भाशयाचे आकुंचन करते, म्हणून गरोदर बाईला अडुळसा नको.

बेहडा, हिरडा आणि कात यांच्यावर घसादुखीसाठी ठाकठीक मानवी चाचण्या नाहीत. त्यांतल्या टॅनिनमुळे तोंड आवळते आणि लाळ सुटते, म्हणून तात्पुरता आराम पडावा असा तर्क आहे. तर्क पटतो, पण तो पुरावा नव्हे.

गुळवेलीने मात्र सगळ्यांनाच सावध केले. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती दिसायला तशीच असलेली दुसरी जात असावी. वाद अजून धुमसतो आहे. पण तोडणाऱ्याला दोन वेली वेगळ्या ओळखता येत नसतील तर घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच धोक्याच्या.

उशिराची किंमत

काही घसादुखी स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूमुळे होते. मुलांत हे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के, मोठ्यांत बरेच कमी. त्यातून थोड्या मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. सर्वाधिक धोका ५ ते १५ वर्षांच्या मुलांना. भारतात हा आजार संपलेला नाही. दिलाशाची गोष्ट अशी की दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले तरी हा ताप टळू शकतो. अमेरिकी सैन्यतळांवर १९५० च्या सुमारास झालेल्या कामातून हे कळले. इतक्या वर्षांत हा जिवाणू पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही.

या नऊ दिवसांमुळे वादाचे स्वरूपच पालटते. पहिले दोन-तीन दिवस घरचा उपाय करून पाहायला कोणाचीच हरकत असू नये. त्यानंतरही ताप असेल, खोकला-सर्दी नसेल, गळ्याच्या गाठी दुखत असतील, टॉन्सिलवर पांढरे दिसत असेल तर घरच्या उपायाची मुदत संपली. लाळ गिळता येत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसत असेल तर एक तासही थांबू नये. मोठ्यांसाठी एक वेगळी खूण: आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, आणि त्यातून तंबाखूची सवय असेल, तर जेष्ठमध बाजूला ठेवून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न नोंदीचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून वनस्पतींच्या याद्या पुष्कळ झाल्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्याही करायच्या आहेत. पण यादीत ‘बेहडा – घशासाठी’ एवढेच लिहिले जाते. किती, किती दिवस, कोणाला द्यायचे नाही, गुण आला नाही तर पुढे काय, हे रकाने कोरे राहतात. खरे ज्ञान त्या रकान्यांत आहे, आणि ते सांगणारी माणसे आता सत्तरीपुढची आहेत.

दुसरा चाचणीचा. काढ्यात पाच वस्तू असतात, प्रत्येक घरी प्रमाण वेगळे, आणि दुखणे आपोआप बरे होणारे. अशा उपायाची चाचणी करायची कशी, आणि तिला पैसा कोण देणार? अडुळशाची पाने पेटंट होत नाहीत. सीएसआयआरचे प्रमुख रघुनाथ माशेलकर यांच्या काळात हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करून घेतले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तीच हळद घशावर तपासून पाहण्याचा उत्साह तितका दिसला नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वात निकडीचा वाटतो. वाडीवरच्या आरोग्यसेविकेने स्ट्रेप्टोकोकसचा घसा ओळखायचा कसा? न्यूझीलंडने २०११ पासून माओरी आणि पॅसिफिक वंशाच्या मुलांच्या शाळांतच घशाचे नमुने घेण्याचा कार्यक्रम राबवला. त्याचे यश संमिश्र आहे आणि खर्च मोठा. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात आणि संधिवाताचा हृदयरोग त्यांच्या यादीत आहे. पण ते झडप बिघडल्यानंतरचे निदान झाले.

म्हणून शाळेतल्या गुरुजी-बाईंना, आशाताईंना आणि बेहडा भाजणाऱ्या आजींना एकच विनंती. मुलाचा घसा कोणत्या दिवशी धरला तो वार लक्षात ठेवा. काढा, गुळण्या खुशाल चालू द्या, पण तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर त्याला भोर किंवा वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि घरी काय काय दिले तेही डॉक्टरांना न लाजता सांगा.